कॉन्टॅक्ट लेन्स : सोय आणि जबाबदारी

(नेत्रदान पंधरवड्यानिमित्त तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



या पंधरवड्यात नेत्रदानाचे आवाहन करण्याचा प्रघात आहे. ते आवाहन मीही करणार आहे. परंतु ज्या डोळ्यावर दान मिळालेले बुबुळ बसवावे लागते, तो डोळा मुळात बिघडू नये म्हणून आपणास काय करता येईल, हेही पाहिले पाहिजे. त्यांपैकी कॉन्टॅक्ट लेन्स हा एक लहानसा विषय आज मी निवडला आहे. मी कलाशाखेचा पदवीधर; वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. घरातल्या एका प्रसंगाने मला हा विषय शिकविला.

चष्म्याऐवजी डोळ्यात भिंग बसविण्याची कल्पना जुनी आहे. १८८८ साली झुरिच येथील डॉ. आडोल्फ फिक यांनी काचेच्या लेन्सचे वर्णन प्रसिद्ध केले. ती लेन्स जड होती व काही तासांपलीकडे सहन होत नसे. पुढे १९६१ च्या नाताळात चेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी मुलांच्या खेळण्याचे सुटे भाग जोडून घरीच एक यंत्र तयार केले आणि त्यावर मऊ लेन्स घडविल्या. आज तालुक्याच्या गावीही लेन्स मिळतात. लग्नात व शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगीत लेन्सही दिसू लागल्या आहेत. काही रुग्णांना तर लेन्स ही गरजच असते. केरॅटोकोनस या विकारात बुबुळ शंकूसारखे पुढे येते. अशा वेळी चष्म्याने स्पष्ट दिसेनासे झाले, तरी कडक लेन्सने पुष्कळदा चांगले दिसू लागते. तेव्हा लेन्स वाईट, असे माझे म्हणणे नाही.

लेन्स बसविणे

बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा, ज्यास स्वच्छमंडल म्हणतात, तो मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यास लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या द्वारे मिळतो. लेन्स घातली की ही वाट थोडी अडते. लेन्ससह झोपल्यास अधिकच अडते. १९८९ साली अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील एक पाहणी प्रसिद्ध झाली. मऊ लेन्स फक्त दिवसा वापरण्यासाठी घेतलेल्यांत वर्षाला दर दहा हजारी सुमारे ४ जणांना, तर रात्रीही ठेवता येणाऱ्या लेन्स घेतलेल्यांत सुमारे २१ जणांना बुबुळाचा व्रण झाल्याचे तीत आढळले.

म्हणूनच केवळ चष्म्याचा नंबर सांगून लेन्स विकत घेणे योग्य नव्हे. तज्ज्ञ बुबुळाची वक्रता यंत्राने मोजतात, अश्रू पुरेसे आहेत की नाही आणि पापण्या निरोगी आहेत की नाही ते पाहतात, चाचणीची लेन्स घालून काही वेळ थांबतात. पापणी मिटताना लेन्स किंचित सरकली पाहिजे व पुन्हा जागेवर आली पाहिजे. घट्ट लेन्सखाली अश्रू खेळत नाहीत. सैल लेन्स बोचते व दृष्टी अस्थिर होते. नंबर नसलेल्या रंगीत लेन्सलाही हाच नियम लागू आहे. एकीची लेन्स दुसरीने घालणे तर सर्वथा वर्ज्य.

पाण्याचा धोका

आता तो प्रसंग सांगतो. दिवाळीच्या सुटीत माझी पुतणी गावी आली. लेन्सच्या द्रावणाची बाटली शहरातच राहिली होती. तिने विचारले, ‘काका, लेन्स कशात ठेवू?’ मी सहज म्हणालो, ‘आपल्या विहिरीचे पाणी स्वच्छ आहे, त्यात ठेव.’ आठवड्याभरात तिचा डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना. दुकानातून कोणते तरी थेंब आणून घातले आणि त्यात आणखी दोन दिवस गेले. नेत्रतज्ज्ञांनी पाहिले तेव्हा बुबुळावर व्रण झाला होता. कित्येक महिने औषधोपचार चालला. डोळा वाचला, पण फूल पडले ते पडलेच. त्या डोळ्याने तिला आज अक्षर वाचता येत नाही. चूक तिची नव्हती. सल्ला माझा होता.

विहीर, नळ, नदी, तलाव यांच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. पिण्यास योग्य असे पाणीही लेन्ससाठी योग्य नसते. स्यूडोमोनस नावाचे जंतू तर एक-दोन दिवसांत बुबुळाची भयंकर हानी करू शकतात.

निगा कशी राखावी

लेन्सला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुऊन स्वच्छ कापडाने कोरडे करावेत. लेन्स काढल्यावर तळहातावर ठेवून, द्रावण घालून हलक्या बोटाने चोळावी, द्रावणानेच खळबळावी व डबीत ताज्या द्रावणात बुडवून ठेवावी. कालच्या द्रावणात नवे ओतू नये. रिकामी डबी द्रावणाने धुऊन पालथी वाळवावी आणि निदान तीन महिन्यांनी बदलावी. लेन्सला पाणी वा थुंकी लावू नये. झोपताना, स्नान करताना व पोहताना लेन्स काढाव्यात. रंगपंचमीला व शेतात फवारणी करताना त्या घालूच नयेत.

लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसू लागले वा उजेड खुपू लागला, तर लेन्स तत्काळ काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लेन्स व डबी तपासणीसाठी सोबत न्यावी. मनाने थेंब घालू नयेत, विशेषतः स्टिरॉइडचे. डोळ्यावर पट्टीही बांधू नये. मात्र चुना किंवा कीटकनाशक डोळ्यात उडाले, तर क्षणाचाही विलंब न लावता भरपूर पाण्याने डोळा धुवावा. तेथे पाणीच उपाय आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, वर्गातील कोण विद्यार्थी लेन्स वापरतात हे त्यांनी जाणून घ्यावे व स्नेहसंमेलनात रंगीत लेन्सची देवाणघेवाण होऊ देऊ नये. पंचायत सदस्यांनी ही माहिती ग्रामसभेत सांगावी. नेत्रदानाचा संकल्प तर आपण सर्वांनी करावाच. परंतु दान मिळालेले प्रत्येक बुबुळ मोलाचे असते आणि त्याची वाट पाहणारे अनेक असतात. आपल्या निष्काळजीपणाने त्या रांगेत आणखी एकाची भर पडू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे.