वीराची झेप आणि मातीचा गोळा

१९९७ साली दूरदर्शनवर आलेला ‘शक्तिमान’ गरगर फिरून उडत असे. असे वीर मुलांना आजही मोहवितात. ‘हे खोटे’ एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही, आणि एखादे झाडावर चढते! म्हणून हिशेबच मांडावा. पाच मीटर उंच फांदीवरून सुटलेली वस्तू सुमारे एका सेकंदात, ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने भुईवर आदळते. वीराने पडणाऱ्यास ताठ हातांवर झेलले, तर ते हात दगडासारखेच. ओल्या मातीचे दोन सारखे गोळे एकाच उंचीवरून सोडावेत. एक दगडावर, दुसरा धानाच्या तणसाच्या ढिगावर. वेग तोच, परंतु दगडावरचा चपटा होतो, तणसावरचा बराचसा शाबूत राहतो, कारण त्यास थांबावयास अंतर मिळते. मग वीराने कसे झेलावे, हे मुलांसच विचारावे.