परदेशातील विद्यार्थ्याचा दिवस
(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीतला मुलगा वा मुलगी परदेशी शिकायला निघाली की आपण हार घालतो, फोटो काढतो आणि परत आल्यावर विचारतो, काय काय पाहिलेस? तेथे तो काय खात होता, भाडे कसे भरत होता, रविवारी कोठे जात होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज आपण त्या रोजच्या दिवसांविषयी बोलू. सुरुवात बाबासाहेबांपासून करू, कारण त्यांच्या पदव्या आपल्याला तोंडपाठ आहेत, दिनक्रम मात्र तितका ठाऊक नाही.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड. आम्ही बँकेतली माणसे, म्हणून हिशेब मांडून पाहतो. त्या काळी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे महिना सुमारे १७२ रुपये. त्यात खोली, जेवण, पुस्तके आणि वर घरी रमाईंना पाठवायचे पैसे. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमधील जेवण त्यांना मानवले नाही. तेथून ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. तेथे नवल भथेना या पारशी मित्राची सोबत मिळाली आणि ती जन्मभर टिकली.

न्यूयॉर्कमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ होते. पण साताऱ्याच्या शाळेत ज्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, शिपाई जागेवर नसला तर ज्याला पाणी मिळत नसे, त्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे दृश्य कोणते असेल? सर्वांच्या पंक्तीला एका टेबलाशी बसून जेवणे! उरलेला वेळ गेला ग्रंथालयात आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. चरित्रकार सांगतात की तेथे त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. पोटाला चिमटा घेऊनच ती जमली असणार.

लंडनचे दिवस अधिक कठीण. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा जाता आले. सकाळी पावाचा तुकडा आणि कपभर पेय, मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमची रीडिंग रूम, दुपारच्या जेवणाला फाटा, आणि रात्री भूक लागली की सोबत्याकडचे पापड. एवढ्यावर त्यांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहिला. १९२० च्या आरंभी दोन शिलिंगांच्या वर गेलेला रुपया १९२१ मध्ये एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास उतरला होता. भारतातून नेलेल्या पैशावर जगणाऱ्या विद्यार्थ्याला रुपयाचा प्रश्न केवळ पुस्तकातला कसा वाटेल? सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले. कर्ज मागण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही, हे ध्यानात ठेवा.

आता आजच्या विद्यार्थ्याकडे येऊ. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती यांमुळे वाट थोडी रुंद झाली आहे. मात्र केंद्राच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध या नियमात बसला नसता! म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

स्वखर्चाने इंग्लंडला जाणाऱ्यांच्या पालकांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. व्हिसासाठी दाखवायची रक्कम सलग २८ दिवस खात्यात राहावी लागते. मध्येच एक दिवस जरी शिल्लक कमी झाली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. तेथे पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. तेव्हा मुलगा कमावून कर्जाचे हप्ते फेडील, हा हिशेब आधीच बाद करा. निघण्यापूर्वी मुलांना आणि मुलींनाही वरण-भात, पोळी-भाजी करायला शिकवा. त्यात महिन्याचे पैसे वाचतात आणि प्रकृतीही राहते.

आणि पाहायचे काय? लंडनमध्ये जे पाहावे त्यातले बरेच फुकट आहे. ब्रिटिश म्युझियमला प्रवेशमूल्य नाही. तेथे अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे एका स्वतंत्र दालनात आहेत. आपला वारसा इतक्या दूर काचेआड पाहताना अभिमान वाटेल आणि तो येथवर कसा आला हा प्रश्नही पडेल. दोन्ही घेऊन बाहेर पडा. ग्रंथसंग्रह आता सेंट पँक्रस येथील ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि वाचकाचा पास विनामूल्य मिळतो. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर राज्य शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. ते पाहून जवळच्या प्रिमरोज हिलवर चढा, सारे लंडन दिसते. मग तेथून म्युझियमपर्यंत सुमारे चार किलोमीटर पायी चाला. उपाशीपोटी हे अंतर किती होते, ते पायांना कळेल.

एक दुखणे मात्र सांगितलेच पाहिजे. परदेशी गेले म्हणजे जात मागे राहते असे नाही. एकाच घरात राहणारे आपलेच देशबांधव पूर्ण नाव विचारतात आणि मग वागण्यात फरक पडतो, असे अनुभव आपली मुले सांगतात. अशा वेळी आडनाव लपवू नका, तसेच एकटे कुढत बसू नका. भथेनांसारखा मित्र कोणत्याही समाजातून मिळू शकतो. तो शोधा आणि आपणही कोणाचे तरी भथेना व्हा.

सभासद बंधू-भगिनींना विनंती एवढीच. फोनवर मुलांना ‘पैसे कधी पाठवतोस’ असे विचारू नका. ‘जेवलास का, काय वाचतोस’ असे विचारा. हार-तुऱ्यांचा खर्च थोडा कमी करून संस्थेत विद्यार्थ्यांसाठी बिनव्याजी उसनवारीचा निधी उभारा. २०० पौंडांसाठी पत्र लिहावे लागले, तेव्हा बाबासाहेबांना शाहू महाराज होते. आपल्या मुलांनी पत्र लिहायचे झाले, तर ते आपल्या संस्थेच्या पत्त्यावर लिहिता आले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!