दप्तराला परके कुलूप

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात लिंकन नावाचे गाव आहे. तेथे १८६५ साली, अब्राहम लिंकन हयात असतानाच, त्यांच्या नावाने एक शिक्षणसंस्था निघाली. पुढे ती लिंकन कॉलेज झाली. १९१२ ची आग, १९१८ ची साथ, दोन महायुद्धे, या साऱ्यांतून ती तरली. मे २०२२ मध्ये मात्र तिला कायमचे टाळे लागले.

आता सगळे खापर संगणकावर फोडू नये. कोरोनाने विद्यार्थी आधीच रोडावले होते. पण डिसेंबर २०२१ मध्ये तिथे रॅन्समवेअर शिरले. रॅन्समवेअर म्हणजे खंडणीखोर प्रोग्रॅम. एखाद्या साध्या दिसणाऱ्या ई-मेलमधून किंवा चोरलेल्या पासवर्डने तो आत येतो, या संगणकावरून त्या संगणकावर पसरतो आणि फायलींना आपले कुलूप ठोकतो. किल्ली हवी? टाका पैसे! कॉलेजने एक लाख डॉलरांच्या आतली रक्कम मोजली, तरी सारे पूर्ववत व्हायला मार्च उजाडला. पुढल्या वर्षी मुले किती येणार, याचा तोवर अंदाजच लागेना. लागला तेव्हा फार उशीर झाला होता.

तुम्ही म्हणाल, पैसे टाकून मोकळं व्हावं. चोराच्या शब्दावर? पॉवरस्कूल ही प्रणाली अमेरिका-कॅनडातील हजारो शाळा वापरतात. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्यातून मुलांची माहिती चोरीस गेली. कंपनीने खंडणी दिली; माहिती पुसल्याची चित्रफीतही चोरांनी दाखवली. तरी मे २०२५ मध्ये टोरांटोच्या शाळा मंडळाला त्याच माहितीवरून पुन्हा धमकी आली. त्या माहितीत १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी होत्या! इतकी जुनी माहिती जालावर उघडी ठेवायची गरज काय होती, हे मला तरी उमगत नाही.

आपल्याकडचे जुने जनरल रजिस्टर निदान कपाटात असते. संगणकातल्या नोंदींच्या प्रती मात्र मुद्दाम काढाव्या लागतात. एकूण तीन, दोन तऱ्हेच्या साधनांवर, आणि एक शाळेबाहेर. पुष्कळ जण प्रतीची डिस्क संगणकालाच जोडून ठेवतात, बरं का! मग मूळ फाइलीबरोबर तिलाही कुलूप बसते. प्रत घेतली, की डिस्क काढून कपाटात ठेवावी.

आणि अधूनमधून मुख्याध्यापकांनी सहज म्हणावे, "अमक्या मुलाची नोंद या डिस्कवरून काढून दाखवा." पुष्कळदा डिस्कचा पासवर्ड कोणाकडे आहे, येथूनच शोध सुरू होतो, आणि ते गृहस्थ बदली होऊन गेलेले असतात.