पाठीमागची जागा

जबलपूरचा गढा हा भाग एके काळी गोंड राजांची राजधानी होता. अशा जुन्या वस्तीत जागेची चणचण नेहमीचीच. तेथे एखादी पिठाची गिरणी किंवा लहानसा कारखाना उभा राहिला, की विजेचे पॅनेल उरल्यासुरल्या कोपऱ्यात लोटले जाते. पण त्या कोपऱ्याचेही माप कायद्याने ठरवून दिले आहे.

१९५६ च्या भारतीय वीज नियमांत एक मार्मिक तरतूद होती. २५० व्होल्टांहून अधिक दाबाच्या स्विचबोर्डापुढे किमान ३ फूट मोकळी जागा हवी. पाठीमागे उघड्या जोडण्या असतील, तर तेथील अंतर ९ इंचांहून कमी तरी असावे, नाहीतर ३० इंचांहून अधिक तरी. मधले माप निषिद्ध!

असे का? ९ इंचांत माणूस शिरूच शकत नाही. ३० इंचांत तो वळू शकतो, काम करू शकतो. दीड फुटात मात्र तो कसाबसा शिरतो, आणि विजेचा धक्का बसल्यास त्याला मागे सरायला वाव उरत नाही. म्हणूनच रुंद जागेत ६ फूट उंचीपर्यंत मोकळी वाटही सक्तीची होती.

२०१० च्या विनियमांत ही मापे २० व ७५ सेंटिमीटर अशी होती. तत्त्व तेच राहिले. तेव्हा कारागीर म्हणेल, “शेठजी, पॅनेल थोडे पुढे घ्यावे लागेल,” तर त्याच्याशी वाद घालू नये. ती वीतभर जागा त्याच्या प्राणांसाठी राखलेली आहे.