जमिनीचं तोंड



घरासमोरच्या बागेविषयी बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा आधी हसू आलं. आमच्या भातकुलीकडे बाग म्हटली की लोकांना आठवते संत्र्याची बाग, आणि तीही वरुड-मोर्शीकडची. आमचा मुलूख खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. जमीन काळी, कापसाला आणि तुरीला चांगली, पण तिच्या पोटात खारं पाणी. विहिरीचं पाणी रोपाला घातलं की पानांच्या कडा करपतात. अशा माणसानं गुलाब-मोगऱ्याच्या गोष्टी काय सांगाव्यात? म्हणून मी आज झाडांपेक्षा दगडांविषयी बोलणार आहे. फरशी, पायरी, ओटा, पार, कुंपणाची भिंत, म्हणजे घराभोवती आपण जे जे कठीण सामान मांडतो त्याविषयी. बागेत झाड कुठं लावायचं याचा विचार सगळे करतात. दगड कुठं घालायचा आणि कुठं नाही, याचा विचार फारसा कुणी करत नाही. मीही केला नव्हता. त्याची किंमत मोजली, म्हणून हे बोलणं.

माझ्या लहानपणी आमचं अंगण मातीचं होतं. फाटकातून छपरीपर्यंत आणि छपरीतून विहिरीपर्यंत दगडांची एक ओळ, एका पावलावर एक दगड. विहिरीजवळ कपडे धुवायचा मोठा काळा दगड. छपरीच्या कोपऱ्यात हातपाय धुवायला एक चौकोनी शिळा होती. अब्बा तिथं बसून वुजू करायचे आणि ते पाणी एका अरुंद नालीतून मेंदीच्या झुडपाला जायचं. मधोमध कडुनिंब. बस्, एवढंच कठीण सामान. बाकी सगळी जमीन उघडी. उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी शिंपडलं की तासाभरात माती गार व्हायची आणि अंगणात बाजा पडायच्या.

हे मी जुनं ते सोनं म्हणून सांगत नाही. पावसाळ्यात तेच अंगण नको नको व्हायचं. काळ्या मातीचा चिखल ज्यानं तुडवला आहे त्यालाच तो ठाऊक. चपलेला चिकटला की चप्पल शेराची होते. आणि हे अंगण राखायचं कुणी? अम्मीनं आणि बहिणींनी. सडा, सारवण, पोपडे निघाले की पुन्हा माती कालवणं, हे सगळं बाईच्या कमरेवर. त्यामुळे गावात सिमेंट आलं तेव्हा बायकांनी आनंदानं घरात घेतलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

२०१६ साली मुलीचं लग्न ठरलं. मांडव दारातच पडणार होता. पाहुणे येणार, चिखल नको, धूळ नको. एका ठेकेदारानं सल्ला दिला की भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट टाकून द्या, जन्माची कटकट गेली. मला ते पटलं. दोन दिवसांत अंगण राखाडी झालं. कडुनिंबाच्या बुंध्याभोवती घमेल्याएवढी जागा तेवढी उघडी ठेवली. अम्मी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. काठी टेकत बाहेर आली, काठीनं काँक्रीटवर दोनदा ठोकून पाहिलं आणि म्हणाली, "बेटा, जमीन का मूं काहे कू बंद किया?"

मी कवी माणूस. शब्द आवडला, वहीत लिहूनही ठेवला. त्याचा अर्थ मात्र पुढच्या दोन वर्षांत कळला.

लग्न छान पार पडलं. पहिल्या उन्हाळ्यात लक्षात आलं की अंगणात झोपता येत नाही. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री ते सावकाश बाहेर टाकतं. रात्री अकरा वाजतासुद्धा अनवाणी पाय ठेववत नव्हता. मग पाऊस आला आणि मधोमध भेग पडली. पुढच्या वर्षी दुसरी, तिसरी. मग छपरीच्या भिंतीला लोणा चढू लागला. पूर्वी तो जमिनीलगत वीतभर असायचा, आता कमरेपर्यंत पोपडे सुटले. कडुनिंबाची पूर्वेकडची फांदी वाळली.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. आमच्या शेजारी एक काकू एकट्या राहतात. त्यांच्या परसातली भिंत मातीची. आमच्या अंगणात पडणारं सगळं पाणी आता मुरायचं थांबलं आणि उतारानं त्यांच्या भिंतीच्या पायाशी जाऊ लागलं. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री भिंतीचा कोपरा ढासळला. त्यांचं तुळशीवृंदावन त्या मातीखाली आलं. सुदैवानं माणूस कुणी नव्हतं. सकाळी मी गेलो. काकू भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाणी तुमच्या घरचं हाय भाऊ, तुमीच पाहून घ्या."

मी घरी येऊन हिशेब मांडला. आमचं अंगण साधारण हजार चौरस फुटांचं. आमच्याकडे वर्षाकाठी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असं धरलं, तर एका पावसाळ्यात त्या अंगणावर चौऱ्याहत्तर हजार लिटरच्या जवळपास पाणी पडतं. मातीचं अंगण असतानाही काही पाणी वाहून जायचंच, कारण काळी माती एकदा फुगली की हळूहळूच पिते. पण बराच वाटा मुरायचा, झाडाला मिळायचा. खारपाणपट्ट्यात आभाळातून येतं तेवढंच पाणी गोडं. ते मी झाडाच्या तोंडचं काढून शेजारणीच्या भिंतीत सोडलं होतं.

असं का झालं, हे मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी समजावून सांगितलं. ते म्हणाले, काळी माती ही जिवंत वस्तू समजा. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात आपल्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणानं. अशा मातीवर थेट काँक्रीटची एकसंध थाळी ठेवली की थाळीखालची मधली माती ओलसर राहते, कडेची वाळते. एक फुगलेली, एक आकसलेली. वरची थाळी मधे तुटणार नाही तर काय होईल? लोण्याचंही तसंच. जमिनीतली ओल पूर्वी उघड्या अंगणातून उडून जायची. ती वाट बंद झाली, मग ओल भिंतीतून वर चढली. पाणी उडून गेलं, त्यातला खार भिंतीत राहिला आणि त्यानं गिलावा फोडला. भिंत जुनी, मातीची किंवा चुन्याची असेल तर हे हमखास.

मग करायचं काय? पुन्हा चिखल तुडवायचा?

या प्रश्नाचं उत्तर मला आमच्याच तालुक्यात सापडलं. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. तिथं गाडगेबाबांनी १९०८ मध्ये नदीवर घाट बांधला. बाबांनी पुढे ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या, पण त्यांच्या बांधकामांची सुरुवात आमच्या या काळ्या मातीच्या काठावर झाली, याचा आम्हाला अभिमान आहे. पूर्णेचा काठ म्हणजे निसरडी गाळाची माती. म्हातारंकोतारं माणूस पाण्यापर्यंत उतरणार कसं? म्हणून पायऱ्या. त्या घाटावर उभं राहून मी पाहिलं आणि मनाशी म्हटलं, दगड कुठं घालावा? जिथं माणसाचा पाय घसरतो तिथं. घाट माणसाला पाण्यापर्यंत नेतो, नदीला झाकत नाही.

दुसरं उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचं. सतराव्या शतकातली ती वास्तू चारबाग पद्धतीच्या बागेत उभी आहे. या पद्धतीत चालायच्या फरसबंद वाटा उंच आणि झाडांचे वाफे खाली असतात. पाय कोरडे राहतात आणि पाणी आपोआप झाडांकडे जातं. बादशाही बागेची ही रीत आमच्या हजार फुटांच्या अंगणालाही लागू पडते, त्यासाठी संगमरवर लागत नाही.

मग मिस्त्रींना सोबत घेऊन मी अंगण फोडलं. सगळं नाही. माणसं कुठं चालतात, कुठं बसतात, गाडी कुठं उभी राहते, पाणी कुठं सांडतं, एवढ्याच जागा खडूनं आखल्या. सगळं मिळून अंगणाचा तिसरा हिस्सासुद्धा भरला नाही. म्हणजे दोन हिस्से काँक्रीट मी नुसतंच ओतलं होतं.

श्रोत्यांपैकी कुणी हे काम काढणार असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. काळ्या मातीवर थेट काहीच बसवू नका. वाटेपुरती माती फूटभर तरी काढा. तिथं मुरूम भरा, एकदम नव्हे, थराथरानं. प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस चालवा. त्यावर दोन बोटं गिट्टीची चुरी आणि मग फरशी. आम्ही जाड, खरबरीत शहाबादी वापरली. तासून घेतलेला काळा दगडही उत्तम. चकचकीत टाइल आणि गुळगुळीत ग्रॅनाइट अंगणात नको, पहिल्या पावसात म्हातारं माणूस आडवं होतं. दोन फरश्यांत बोटभर फट ठेवा आणि तीत सिमेंट न भरता चुरी भरा. जमीन हलली तर फरशीही थोडी हलेल, तुटणार नाही. वर-खाली झालेली एखादी फरशी उचलून पुन्हा बसवता येते, फुटलेल्या काँक्रीटला तो उपाय नाही. सिमेंटचे ठोकळे बसवले तरी खालचा मुरूम आणि मधली फट हे दोन्ही सोडू नका.

उताराचं लक्षात ठेवा. दहा फुटांना दोन-अडीच इंच उतार पुरतो, पण तो घराकडून झाडाकडे हवा, आपल्या घरातून शेजाऱ्याच्या घराकडे नको. भिंतीलगत दीड-दोन हात पट्टी उघडी ठेवून तिथं गिट्टी पसरा, म्हणजे वरून पडणारं पाणी उडून भिंतीवर येत नाही आणि जमिनीची ओलही बाहेर पडते. मात्र त्या पट्टीतही पाणी साचू नये, एवढा उतार तिला द्या. झाडाभोवती चार-पाच हात जमीन मोकळी सोडा. पार बांधायचा तर दूरून गोल बांधा, आत माती भरून बुंधा पुरू नका, त्यानं झाड गुदमरतं. पायरी सहा इंचांहून उंच नको. बसायचा ओटा दीड फुटाचा, म्हणजे उठताना गुडघ्याला त्रास होत नाही. आणि छपराचं पाणी पन्हाळीनं टाकीत घ्या. अंगणात सोडलेलं पाणी झाडाचं, टाकीतलं माणसाचं.

निघालेले काँक्रीटचे तुकडे आम्ही फेकले नाहीत. ते कुंपणाच्या बुडाशी बसवले, त्यांवर सिताफळीची रांग लावली. काकूंची भिंत मी बांधून दिली. या खेपेला पाया दगडाचा घेतला, दोन हात वरपर्यंत. वृंदावनही त्याच मिस्त्रींनी उभं केलं. काकू नको म्हणत होत्या. मी म्हटलं, "काकू, पाणी आमच्या घरचं होतं, दगडही आमच्याच घरचे राहू द्या."

कडुनिंबाची वाळलेली फांदी गेली ती गेलीच. तिच्या जागी अजून आभाळ दिसतं. मात्र दुसऱ्या बाजूला पुढच्या चैत्रात भरपूर पालवी फुटली. लोणा भिंतीतून एकदम जात नाही. खारलेला गिलावा काढला, चुन्याचा केला, तेव्हा दोन वर्षांनी भिंत कोरडी वाटू लागली.

अम्मीनं हे अंगण पाहिलं. छपरीपासून पारापर्यंतच्या वाटेनं ती काठी टेकत जायची. फरशीवर काठीचा एक आवाज यायचा, फटीत चुरीवर दुसरा. एका संध्याकाळी तिनं सुनेला बादलीभर पाणी मोकळ्या मातीवर शिंपडायला सांगितलं. वास आला. ती ओट्यावर बसली होती, काही बोलली नाही. मीच विचारलं, "अम्मी, आता ठीक आहे का?" ती म्हणाली, "बाज टाक."

बाज टाकली. एवढं सांगून थांबतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)