भाकरीचे सोबती आणि नफ्याचे भागीदार



माणूस माणसाला ज्या नावाने हाक मारतो, त्या नावात एक करार दडलेला असतो. फ्रेंचमधील 'कोंपान्यों', इटालियनमधील 'कोंपान्यो', स्पॅनिशमधील 'कोंपान्येरो' हे शब्द एकाच मुळाचे आहेत. फ्रँक लोकांच्या सालिक कायद्यात त्यांचा लॅटिन पूर्वज 'कोम्पानिओ' आढळतो. 'कुम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकर. ज्याच्यासह भाकर वाटून खावी, तो कोम्पानिओ. पोर्तुगीजांबरोबर आलेला मराठीतील 'पाव' हाही याच 'पानिस'चा वंशज होय.

युरोपातील श्रमिकांनी हा शब्द आपलासा केला. इटलीत समाजवादी एकमेकांना 'कोंपान्यो' म्हणत. म्हणूनच फॅसिस्टांनी तो टाळून 'कामेराता' हे संबोधन पत्करले. चिलीमध्ये १९७० साली निवडून आलेले साल्वादोर आयेंदे जनतेचे 'कोंपान्येरो' अध्यक्ष होते. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्करी बंडाने त्यांची राजवट उलथून टाकली.

परंतु याच मुळाला दुसरी फांदी फुटली. मध्ययुगीन इटलीत व्यापारी भागीदारीस 'कोंपान्यिया' म्हणू लागले आणि पुढे 'कंपनी' अवतरली. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली स्थापन झाली आणि १८१८ मध्ये तिने पेशवाई बुडविली. भाकर वाटून खाणाऱ्यांचे नाव दुसऱ्याची भाकर हिरावणाऱ्या संस्थेला लाभले!

नाव धारण केल्याने बंधुभाव येतोच असेही नाही. फ्रान्समधील फिरत्या कारागिरांचे संघ स्वतःस 'कोंपान्यों' म्हणवीत. तरीही निरनिराळ्या पंथांचे कारागीर भर रस्त्यात एकमेकांची डोकी फोडीत. हे वैर मिटावे म्हणून आग्रिकोल पेर्दिग्ये या सुताराने १८३९ साली ग्रंथ लिहिला. १८४८ मध्ये तोच सुतार फ्रान्सच्या संविधान सभेवर निवडून गेला.

'साथी' या शब्दाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला आहे. त्याचे मूळ 'सार्थ', म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. तिकडे भाकरीचा सोबती नफ्याचा भागीदार झाला. इकडे तांड्यातील सहप्रवासी चळवळीचा सोबती झाला. तेव्हा शब्दाचे भवितव्य त्याच्या मुळावर नव्हे, तर तो उच्चारणाऱ्यांच्या आचरणावर ठरते.

ज्या समाजात कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे हे जात ठरवीत आली, तेथे ही कसोटी अधिकच कठोर आहे. केवळ सहभोजनाने जात मरत नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली बजावले होते. रोटीव्यवहारापाशी थबकणारा साथी अर्ध्या वाटेवरच थांबलेला असतो. आणि जो सभेत 'साथी' म्हणतो, पण घरी पाण्याचा पेला वेगळा ठेवतो, त्याने तर वाटेवर पाऊलच टाकलेले नसते.