दरफाळणी आणि योनाचे पुस्तक



योना नबीचे पुस्तक चार अध्यायांचे, अवघ्या ४८ वचनांचे. किप्पूरच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, मिन्हाच्या प्रार्थनेत ते वाचतात. त्या वेळेपर्यंत उपवासाने डोके जड झालेले असते. मासा आला की आपण जागे होतो आणि मासा गेला की पुन्हा पेंगतो. (मासाच तो, मूळ हिब्रूत देवमासा कोठेच नाही.) म्हणून आज माशाच्या पुढचे बोलतो.

कोकणातल्या आपल्या वाडवडिलांजवळ हे पुस्तक नव्हते. नवगावच्या किनाऱ्याला तारू फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले, असे आपण परंपरेने सांगतो. शेमा टिकला, शनिवारची सुटी टिकली, म्हणून तर लोक आपल्याला शनवार तेली म्हणू लागले. आणि टिकली दरफाळणी. पांढरी वस्त्रे नेसून, दार लावून उपवास करायचा; परक्याचा स्पर्शही टाळायचा. पुढे कोचीनचे शिक्षक आले, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या, आणि ग्रंथ पुन्हा हाती आले. गंमत अशी, की दार लावून घेण्याच्या दिवशी जे पुस्तक वाचायचे, ते सगळे दाराबाहेरच्यांविषयी आहे!

निनवे ही अश्शूरांची, म्हणजे शत्रूची नगरी. तिला इशारा दे, अशी आज्ञा होताच योना याफा बंदरात जाऊन उलट दिशेचे, तार्शिशाचे गलबत धरतो. हे भीतीने नव्हे. देव दयाळू आहे, तो त्यांना क्षमा करील, हेच आपल्याला नको होते, असे तो चौथ्या अध्यायात स्वतः कबूल करतो. तुफानात परधर्मी खलाशी आपापल्या देवांचा धावा करतात, आणि आपला नबी तळाशी झोपलेला असतो.

निनवेत तो जे बजावतो ते हिब्रूत फक्त पाच शब्दांचे आहे. त्यातल्या क्रियापदाचे दोन अर्थ होतात : शहर उलटेल, किंवा शहर पालटेल. योनाला पहिला हवा होता, घडला दुसरा. मिश्नाच्या तानीथ प्रकरणात म्हटले आहे, की देवाने निनवेकरांचे गोणपाट आणि उपवास पाहिले असे लिहिलेले नाही. त्याने त्यांची कृती पाहिली.

मग योना रुसून एका झाडाच्या सावलीत बसतो. ते झाड एरंडाचे असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ओसाड गावी एरंड बळी, हे तेल्याच्या घरात सांगायला नको! एरंड वाळताच त्याला मरण मागावेसे वाटते, पण १,२०,००० हून अधिक माणसांसाठी त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

ट्रस्टची मदत समाजाबाहेरच्या मुलांना द्यावी काय, हा प्रश्न मागच्या सभेत निघाला तेव्हा मी 'नाही' म्हणणाऱ्यांत होतो. १९४८ नंतर आपली कितीतरी घरे इस्रायलला गेली, निधी तुटपुंजा, ही कारणे मला आजही खोटी वाटत नाहीत. परंतु दरफाळणीच्या दुसऱ्याच दिवशी, शिळ्या सणाला, आपले आजे-पणजे दार उघडून दानधर्म करीत. समुएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, त्याचे नाव शारे रहामीम, म्हणजे दयेची दारे.

पुस्तक देवाच्या एका प्रश्नावर संपते : एवढ्या माणसांची, आणि गुराढोरांचीही, मी कीव करू नये काय? योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. तो विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्यावा, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे.